मॅडम, दोन मिनिटं बोलू शकते का? – नकोशा फोनांचे अनुभव

निळी_छत्री

आज सकाळी कुकर लावत होते, तेवढ्यात फोन. "नमस्कार सर, मी प्रिया बोलतेय. आपल्याला पाच लाखांपर्यंतचं पर्सनल लोन मंजूर झालेलं आहे." म्हटलं, सर नाही, मॅडम. जरा थांबली आणि म्हणाली, "अगदी बरोबर बोललात सर." तेव्हा ट्यूब पेटली की पलीकडे माणूसच नाही. पण मागे ऑफिसचा कलकलाट मात्र व्यवस्थित घातलेला!

तो कलकलाट मी स्वतः केलाय हो. २००६ साली बी.कॉम. झाल्या झाल्या कर्वे रोडला एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर बसून क्रेडिट कार्डं विकायचे. सकाळी टीएल (टीम लीडर) 'डेटा' वाटायचा, म्हणजे एक्सेलच्या कागदांची चळत. नाव, मोबाईल, कंपनी, अंदाजे पगार, गाडी कुठली. हे कागद कुठून येतात ते विचारायची पद्धत नव्हती. एकदा एका जिमखान्याचे सभासद क्रमांकासकट आले होते, त्यावरून काय ते समजा. शेवटच्या रकान्यात शेरा लिहायचा: आरएनआर म्हणजे नुसतीच रिंग, एनआय म्हणजे इंटरेस्ट नाही, सीबी म्हणजे पुन्हा फोन करा. शिव्या घातल्या तर त्याला वेगळा शेरा नाही, तोही एनआयच. खरं नाव सांगायचं नाही हा नियम. आमच्यात कायम कोणीतरी प्रिया असायचीच, म्हणून आज जास्तच हसू आलं.

मग २००७ मध्ये ट्रायचं, म्हणजे दूरसंचार नियामकाचं, 'डू नॉट कॉल' रजिस्टर आलं. ज्याने नंबर नोंदवला त्याला ४५ दिवसांनंतर फोन करायचा नाही. केला तर टेलिमार्केटरला पहिल्या फोनचे ५०० आणि पुढच्या प्रत्येकाचे १००० रुपये. टीएल म्हणाला, आता यादी धुऊन घ्यायची, म्हणजे नोंदवलेले नंबर काढून टाकायचे. धुतली की नुसती विसळली देव जाणे, आमच्या हातात तेच जुने साहेब आणि त्यांच्या त्याच जुन्या शिव्या.

मला विचाराल तर तेव्हापासून आजपर्यंत कायदा फोन करणाऱ्याच्या मागे धावतोय आणि करवून घेणारा एसीत बसलाय. नंबर बंद होतो, प्रिया बदलते, बँक तीच. तुमचे अनुभव लिहा. फोन घेणारे आणि करणारे, दोघांचेही चालतील.

बाबू_गुहागरकर

आमच्या वाडीत रेंजच नाही. सुखी आहे.

अर्धा_कप

@बाबू मग हा प्रतिसाद काय कबुतराबरोबर पाठवलास?

बाबू_गुहागरकर

बाजारात आलोय, एसटीची वाट बघत. आल्या आल्या मिस्ड कॉल, १४० ने सुरू होणारे 😂

जोशी_निवृत्त

१४० ने सुरू होणारा म्हणजे नोंदणी केलेला जाहिरातवाला. तो उचलायचाच नाही, विषय संपला. बँकांनी खऱ्या कामासाठी १६०० ने सुरू होणारे नंबर वापरावेत असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये कळवलेलं आहे. खरा त्रास साध्या दहा आकडी नंबरांचा. त्यांच्याविरुद्ध १९०९ वर तक्रार करा. पूर्वी तीन दिवसांत करावी लागे, फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीनंतर सात दिवसांपर्यंत चालते, आणि डीएनडी (डू नॉट डिस्टर्ब, म्हणजे जाहिरातींचे फोन नकोत अशी नोंदणी) घेतलेलं नसलं तरी करता येते. एसएमएस आला तर पाठवणाऱ्याच्या नावाचं शेवटचं अक्षर बघावं. पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी व्यवहाराचा, जी सरकारी. ज्यांनी अजून डीएनडी घेतलं नाही त्यांनी १९०९ वर 'स्टार्ट ०' पाठवा.

स्वरा_ठाणे

काका, स्टार्ट ० करून जमाना झाला. मला माझ्याच बँकेतून फोन येतात. तक्रार केली तर मोबाईल कंपनीचं उत्तर, आपण प्रेषकास संमती दिलेली आहे. कधी दिली? तर म्हणे खातं उघडताना. त्या बारीक अक्षरातल्या चौकोनात टिक न करता खातं उघडून दाखवा कोणीतरी. आणि तक्रार ऐकणार कोण, तर जिला त्या फोनांचे पैसे मिळतात तीच कंपनी. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

बाळ उठलं. बाकी नंतर.

खिडकीतला_बोका

माझं नुकसान फोनने नाही, नियमाने केलं. सप्टेंबर २०११. जाहिरातवाल्यांना आळा म्हणून ट्रायने प्रत्येक सिमला दिवसाला १०० एसएमएसची मर्यादा घातली. आमचं नुकतंच जमलं होतं. हॉस्टेलवर व्हॉट्सॅपवाला फोन एकाकडेच, तोही बापाच्या पैशाने. आम्ही मेसेज मोजत भांडायचो. एका रात्री भांडण ऐन रंगात आणि कोटा खलास. तिला वाटलं मी मुद्दाम गप्प बसलोय. नोव्हेंबरात २०० केले. २०१२ मध्ये दिल्ली हायकोर्टाने साध्या माणसांवरची ती मर्यादा उडवली. तोवर आमचंही उडालं होतं.

अर्धा_कप

@बोका ट्रायवर नुकसानभरपाईची केस टाक.

खिडकीतला_बोका

हळू बोल, बायको वाचते हे.

पावशेर_खोबरं

२००४ ची लोकसभा. आमच्याकडे लँडलाईन, आजोबांनी उचलला. पलीकडून वाजपेयींचा आवाज, रेकॉर्ड केलेला. आजोबा खुर्चीतून उठून उभे. "जी, जी साहेब, नक्की" असं उत्तर देत होते मधल्या थांब्यांत. फोन संपल्यावर दिवसभर आल्यागेल्याला सांगत होते की दिल्लीहून फोन होता. आम्ही कोणी सांगितलं नाही की शेजारच्या नेन्यांकडेही तोच आला होता. नेन्यांनीच संध्याकाळी सांगितलं. मग पुढचे दोन दिवस आजोबा नेन्यांशी बोलले नाहीत.

जोशी_निवृत्त

@पावशेर_खोबरं, आता असे रेकॉर्ड केलेले प्रचाराचे फोन निवडणूक आयोगाच्या समितीकडून आधी तपासून घ्यावे लागतात.

दिल्लीवरून आठवलं. ऑगस्ट २०१०, प्रणव मुखर्जी अर्थमंत्री. महागाईवर विरोधी नेत्यांबरोबर बैठक चाललेली, फोन वाजला, महत्त्वाचा असेल म्हणून घेतला. तर होम लोन हवंय का! देशाच्या अर्थमंत्र्याला. त्याच वर्षी १ डिसेंबरला ट्रायचे नवे नियम निघाले. जाहिरातवाल्यांसाठी वेगळी नंबरमालिका ही कल्पना त्यातलीच, आणि दंड २५ हजारांपासून अडीच लाखांपर्यंत. २००५ मध्ये एका वकिलाने याच विषयावर सुप्रीम कोर्टात जनहित याचिका केली होती. पण मंत्र्याचा फोन वाजल्याशिवाय हलायचं नाही हा आपला रिवाज.

वांगी_भरीत

छत्रीताई, कर्वे रोडला म्हणजे तो खाली वडापाववाला होता तीच इमारत का? हिरव्या चटणीत पुदिना घालायचा तो?

निळी_छत्री

तीच!! संध्याकाळी टार्गेट झालं की टीएल सगळ्यांना तिथे न्यायचा. नाही झालं की आपापल्या पैशाने.

वांगी_भरीत

मी वरच्या मजल्यावर सीएकडे आर्टिकलशिप करत होते. म्हणजे तो दिवसभराचा गलका तुमचा होता तर! आमचे सर मजला बदलून घ्यायला निघाले होते.

माई_न्यूजर्सी

इकडे आमच्याकडे १९९१ पासून कायदा आहे. आपल्याकडच्यापेक्षा त्यात एकच गोष्ट मला भारी वाटते. तुम्ही स्वतः कोर्टात जाऊ शकता, एका बेकायदा फोनचे ५०० डॉलर, मुद्दाम केला हे सिद्ध झालं तर १५०० पर्यंत. आमच्या गल्लीतला एक गुज्जूभाई वही ठेवतो. तारीख, वेळ, काय बोलले. दोनदा तडजोडीचे पैसे घेतलेत त्याने. फेब्रुवारी २०२४ मध्ये इथल्या दूरसंचार आयोगाने सांगून टाकलं की एआयने बनवलेला आवाज हाही त्याच जुन्या कायद्यातला 'कृत्रिम आवाज', आधी परवानगी हवीच. छत्री, तुझी प्रिया इकडे अडकली असती.

पण फोन थांबले का? छे. गाडीची वॉरंटी संपतेय म्हणून इतकी वर्षं फोन येत होते, आणि आमच्याकडे तेव्हा गाडी भाड्याची होती. हेच फोन देशाबाहेरून आले की मग वही काय कामाची?

२०१६ मध्ये तर कहर. "टॅक्स ऑफिसातून बोलतोय, आत्ता पैसे भरा नाहीतर अर्ध्या तासात पोलीस." माझ्या मैत्रिणीची सासू रडकुंडीला आलेली. ऑक्टोबरात बातमी आली, ठाणे पोलिसांनी मीरा रोडला कॉल सेंटरवर धाड घातली, तिथूनच हे फोन. माझं माहेर मीरा रोडचं! नवरा अजूनही अनोळखी नंबर दिसला की म्हणतो, घे, तुझ्या माहेरचा आहे.

बाबू_गुहागरकर

😂😂 एसटी अजून नाही.

क्लासवाले_सर

सगळे एका सुरात बोलताय म्हणून लिहितो. माझा सांगलीत आठवी ते दहावीचा क्लास आहे. एप्रिल-मेमध्ये आम्ही पालकांना फोन करतो, "मॅडम, मुलाची बॅच ठरली का?" नंबर जुन्या विद्यार्थ्यांकडून, शेजारच्यांकडून मिळालेले. यात मला कधी काही वावगं वाटलं नाही. यंदा आउटगोइंग बंद. कळलं ते असं की दहा दिवसांत पाच जणांनी तक्रार केली की पुरे, पंधरा दिवस फोन लावता येत नाही. पुन्हा झालं तर वर्षभर सगळेच नंबर बंद. पूर्वी सात दिवसांत दहा तक्रारी लागायच्या. पंधरा दिवस बायकोच्या फोनवरून गॅस बुक केला.

रीतसर करायचं तर मोबाईल कंपनीकडे नोंदणी, हेडर म्हणजे पाठवणाऱ्याचं ठरलेलं नाव, प्रत्येक मेसेजचा साचा मंजूर करून घ्यायचा. मोठ्या बँकेला त्यासाठी माणसं ठेवता येतात. मी भूमिती शिकवू की साचे भरू? मोठे मासे जाळ्यातून निघतात आणि आम्ही अडकतो.

स्वरा_ठाणे

सर, राग मानू नका, पण माझा मुलगा सात महिन्यांचा आहे आणि मलाही दहावीच्या क्लासचा फोन आलाय.

क्लासवाले_सर

आमचा नव्हे ताई. आमच्याकडे आठवीपासून.

अर्धा_कप

साच्यांवरून आठवलं, मार्च २०२१. आईबाबांची लशीची नोंदणी करत होतो, ६० च्या वरच्यांचं नुकतंच सुरू झालेलं. ओटीपी येईचना. मला वाटलं नेटवर्क, मग वाटलं फोन, मग बाबांवर ओरडलो की नंबर चुकीचा सांगताय. नंतर कळलं, ज्या मेसेजचा साचा आधी नोंदवलेला नाही तो वाटेतच अडवायचा, हे त्या दिवशी, ८ तारखेला, सुरू झालं होतं. बँकांनीच साचे नोंदवले नव्हते. जाहिराती अडवायला गेले आणि ओटीपी अडकले. एका दिवसात सगळ्यांनी बोंब मारली, ट्रायने आठवडाभर थांबवलं.

बाबांची माफी मागायची राहिलीच 🙈

पावशेर_खोबरं

जाहिरातीपेक्षा मला त्या सरकारी कॉलर ट्यूनने छळलं. कोविडमध्ये आधी खोकला ऐकायचा, मग रिंग. नंतर सायबर ठगांपासून सावध राहा म्हणून बच्चनसाहेब. वडिलांना रात्री धाप लागली, डॉक्टरांना फोन लावतेय आणि बच्चन मला ओटीपी देऊ नका म्हणून समजावतायत. जून २०२५ मध्ये बंद झाली एकदाची. याला डीएनडी का नव्हतं?

माई_न्यूजर्सी

अगं बाबा बरे आहेत ना आता?

पावशेर_खोबरं

हो माई, आहेत बरे. पथ्य पाळत नाहीत एवढंच. कालच लोणच्याची बरणी उशाशी सापडली.

वांगी_भरीत

कसलं लोणचं? लिंबाचं असेल तर चालतं की.

पावशेर_खोबरं

कैरीचं. तेलात बुडलेलं.

स्वरा_ठाणे

जोशी काका, आहात का? आत्ता १६०० वाला फोन आला होता, मी सवयीने कापला. पाठोपाठ एसएमएस, कार्डवर अठरा हजारांचा व्यवहार तुम्हीच केलात का. शेवटचं अक्षर टी आहे. उलट फोन करू?

जोशी_निवृत्त

उलट फोन नको. एसएमएसमधल्या लिंकला हात लावू नका. आधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन कार्ड बंद करा, मग कार्डाच्या मागे छापलेला नंबर लावा. पैसे खरंच गेले असतील तर लगेच १९३०, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. झालं की इथे कळवा.

स्वरा_ठाणे

अ‍ॅप उघडतेय. कार्ड नवऱ्याच्या पाकिटात आहे आणि नवरा लोकलमध्ये, त्याचा फोन लागत नाहीये.

जोशी_निवृत्त

अ‍ॅपमधून बंद करायला कार्ड हातात लागत नाही. करा आधी.