मदत हवी आहे: टोल्युइन जळतंय की उत्प्रेरकाचा कार्बनच?

नमस्कार मंडळी,

हवेतली टोल्युइनची (रंगांत वापरतात ते द्रावक) वाफ घालवण्यासाठी सक्रिय कार्बनवर १ टक्का प्लॅटिनम बसवलेला उत्प्रेरक तपासतोय. आकडे काही केल्या जुळत नाहीत.

अ‍ॅल्युमिना (अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड, प्लॅटिनम बसवायचा नेहमीचा आधार) का नाही, हे कुणीतरी विचारणारच. येणारी हवा दमट आहे. अ‍ॅल्युमिना पाणी धरून बसतं, कार्बनला पाण्याचं तेवढं वेड नाही.

रिअ‍ॅक्टरमध्ये २०० मिलिग्रॅम उत्प्रेरक, मिनिटाला १०० मिली हवा, त्यात ५०० पीपीएम (दशलक्षात ५०० भाग) टोल्युइन. साध्या तापमानाला सुरुवातीला बाहेर शून्य. त्यात हुरळण्यासारखं काही नाही, माल नुसता छिद्रांत जाऊन बसतोय. तापवायला लागलं की बाहेरचा आकडा आतल्यापेक्षाही वर जातो, म्हणजे साठलेलं सुटतंय. इथवर ठीक.

घोळ पुढे आहे. टोल्युइनच्या रेणूत कार्बनचे ७ अणू, तेव्हा सगळं जळालं तरी कार्बन डायऑक्साइड ३५०० पीपीएमच्या वर जायला नको. २५० अंश सेल्सिअसला जीसी (वायू वेगळे करून मोजणारं गॅस क्रोमॅटोग्राफ यंत्र) ३९०० दाखवतं, तेही तासन् तास. पण टोल्युइन न सोडता कोऱ्या, म्हणजे प्लॅटिनम नसलेल्या, कार्बनवर रन घेतला, तर त्याच तापमानाला जवळजवळ काहीच निघत नाही!

कुणाचा वाटा किती, हे कसं काढायचं? कार्बन-१३ चं टोल्युइन (जड कार्बनची खूण असलेलं, म्हणजे त्याचा कार्बन डायऑक्साइड वेगळा ओळखता येतो) सुचवू नका, परवडत नाही.

प्रतिसाद १

कोऱ्या कार्बनशी तुलनाच चुकीची. प्लॅटिनम टोल्युइन जाळतं तसं आधाराचा कार्बनही कमी तापमानाला पेटवतं. ब्लँक रन प्लॅटिनमवाल्या नमुन्यावरच घ्या: तीच दमट हवा, फक्त टोल्युइन बंद. तरीही आकडा थोडा कमीच येईल, कारण टोल्युइन जळताना उत्प्रेरकाचे कण थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) दाखवतं त्याहून जास्त तापलेले असू शकतात.

म्हणून सरळ तराजू वापरा. जादाचे ४०० पीपीएम म्हणजे तुमच्या प्रवाहाला तासाला साधारण १.२ मिलिग्रॅम कार्बन. सलग चोवीस तास चालवलंत तर २०० पैकी २८ मिलिग्रॅम गायब व्हायला हवेत. आधी आणि नंतर, दोन्ही वेळा गरम नायट्रोजनमध्ये सुकवून तोला, नाहीतर छिद्रांतलं पाणी आणि टोल्युइन फसवेल.

कार्बन नारळाच्या करवंटीचा आहे का? त्याच्या राखेत पोटॅशियम असतं आणि तेही कार्बन जाळायला मदत करतं.

धागाकर्ता

हो, करवंटीचाच. तोलून बघतो. प्लॅटिनम चढवायच्या आधी आम्लाने धुतला तर? नायट्रिक हाताशी आहे.

प्रतिसाद १

धुवा, पण नायट्रिक नको. त्याने पृष्ठभागावर ऑक्सिजनचे गट येतात. प्लॅटिनम छान पसरतं खरं, पण कार्बन पाणी ओढायला लागतो, मग अ‍ॅल्युमिनाने काय घोडं मारलं होतं? सौम्य हायड्रोक्लोरिक घ्या आणि क्लोराइड पूर्ण जाईपर्यंत पाण्याने धुवा.