आजवा ते काळा घोडा: पाणी यायला किती तास? मदत हवी आहे

आमची सोसायटी बडोद्यात, विश्वामित्री नदीकाठी. तळमजल्यावर अंथरुणाला खिळलेल्या आजी आहेत, लिफ्ट नाही. ऑगस्ट २०२४ सारखा पूर आला तर त्यांना उजेडातच वर हलवायला हवं. पुराच्या पाण्यात मगरी असतात, नंतर उतरणं अशक्य.

शहराच्या वरच्या अंगाला असलेलं, नदीत पाणी सोडणारं आजवा सरोवर आणि शहरातला नदीवरचा काळा घोडा पूल, दोन्हींकडची पाण्याची पातळी आम्ही रोज वहीत लिहितो. मोबाइलवरचे इशारे सबंध जिल्ह्याचे, आमच्या गल्लीला त्यातून काहीच कळत नाही. शिवाय पाऊस नदीच्या उगमाकडे, पावागढ-हालोलकडे झाला की इथे ऊन असतानाही नदी चढते. लाइट गेल्यावर नेटही जातं, तेव्हा निर्णय आधीच घ्यावा लागेल.

आजव्यातून विसर्ग वाढल्यावर काळा घोड्याला पाणी चढायला साधारण किती तास लागतात, आणि कोणत्या पातळीला आजींना हलवावं?