मृत्युपत्रावरचं ‘साक्षांकन’ म्हणजे नक्की काय? खाली दोन सह्या असल्या की झालं का?

बांधावरचा (प्रश्न)

वडिलांचं २०१६ सालचं मृत्युपत्र आहे. दोन पानं, टाइप केलेलं, दुय्यम निबंधकांकडे नोंदवलेलं. नोंदणीच्या आदल्या दिवशी सकाळी वडिलांनी घरी सही केली. पहिला साक्षीदार तेव्हा समोर होता, त्याने लगेच सही केली. दुसरा संध्याकाळी आला. वडील खोलीतच बसले होते, त्यांच्यासमोर त्यानेही सही केली. पहिला साक्षीदार आता हयात नाही, दुसरा ७९ वर्षांचा आहे.

दाव्यात समोरच्यांनी कैफियत (लेखी उत्तर) दिली आहे की “मृत्युपत्राचे कायदेशीर साक्षांकन झालेले नाही”. साक्षांकन म्हणजे दाखल्याच्या झेरॉक्सवर अधिकारी शिक्का मारून सही करतात तेच का? दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर नव्हते, म्हणून मृत्युपत्र पडतं का? आणि नोंदणी झालेली असताना साक्षीदाराला कोर्टात उभं करावंच लागतं का?

दस्तलेखक

शब्द एकच, पण अर्थ दोन. तुमचा गोंधळ तिथेच आहे. झेरॉक्सवरचं साक्षांकन म्हणजे ‘मूळ कागद पाहिला, नक्कल बरोबर आहे’. मृत्युपत्राचं साक्षांकन म्हणजे ‘करून देणाऱ्याने सही केली याला मी साक्ष आहे’. आतला मजकूर खरा आहे की खोटा, वाटणी न्याय्य आहे की नाही, याच्याशी साक्षीदाराचा संबंध नाही. त्याने मजकूर वाचलेला असण्याचीही गरज नाही.

व्याख्या भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ६३(क) मध्ये आहे. साक्षीदार किमान दोन. प्रत्येकाने मृत्युपत्र करणाऱ्याला सही करताना किंवा अंगठा उठवताना पाहिलेलं असावं, नाहीतर ‘ही माझी सही’ अशी कबुली खुद्द त्याच्याकडून मिळालेली असावी. करणाऱ्याच्या सांगण्यावरून त्याच्यासमोर दुसऱ्या कोणी सही केली असेल, तर ती होताना पाहिलेलंही चालतं. मग प्रत्येक साक्षीदाराने करणाऱ्याच्या समक्ष स्वतःची सही करायची. दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर हवेत असं कायदा म्हणत नाही. उलट तशी गरज नाही, असं त्याच कलमात लिहिलं आहे. तेव्हा समोरच्यांचा तो मुद्दा टिकणार नाही.

तुमच्या संध्याकाळच्या साक्षीदाराचं मात्र ‘वडील खोलीत बसले होते’ एवढ्यावर भागत नाही. त्याने सही होताना पाहिलेली नाही, म्हणजे त्याला कबुली मिळालेली हवी. वडिलांनी कागद पुढे करून सहीवर बोट ठेवलं, “ही माझी सही, आता तुम्ही करा” म्हणाले, तर ती कबुली. मुलाने म्हटलं “बाबांनी सकाळी सही केली आहे” आणि वडील लक्ष न देता खिडकीबाहेर बघत होते, तर ती त्यांची कबुली नाही. त्या दिवशी नेमकं काय बोलणं झालं ते साक्षीदाराला आधी मोकळेपणी आठवू द्या, तुम्ही शब्द पुरवू नका. पढवलेला साक्षीदार उलटतपासणीत पाच मिनिटांत ओळखू येतो.

दिवाणीबाक

वरचं बरोबर आहे. पण या प्रकरणातली खरी अडचण पहिल्या साक्षीदाराची आहे, ती अजून कोणी मांडली नाही.

आधी नोंदणीचं. इतर दस्त नोंदलेला असला आणि करून देणाऱ्याने तो स्पष्ट नाकारला नसला, तर साक्षांकन करणारा साक्षीदार बोलावण्यातून सूट मिळते. मृत्युपत्राला ती सूट नाही. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम ६८ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६७. साक्षांकन करणाऱ्यांपैकी एक तरी हयात आणि साक्ष देण्याजोगा असेल, तर त्याला बोलावावंच लागतं.

एकच साक्षीदार पुरतो. पण त्या एकाने दोघांचं साक्षांकन सिद्ध करावं लागतं. जानकी नारायण भोईर विरुद्ध नारायण नामदेव कदम या खटल्यात (सर्वोच्च न्यायालय, डिसेंबर २००२) तपासलेला साक्षीदार दुसऱ्याच्या साक्षांकनाबद्दल बोललाच नाही, आणि दुसरा हयात असून त्याला बोलावलं नव्हतं. मृत्युपत्र सिद्ध झालं नाही.

आता तुमचं बघा. हयात साक्षीदार संध्याकाळी आला. पहिल्याने सकाळी वडिलांच्या समक्ष सही केली, हे त्याने पाहिलेलंच नाही. तो स्वतःपुरतं उत्तम सांगेल, पण पहिल्याच्या सहीपाशी अडेल. एकाच वेळी दोघं नसले तरी साक्षांकन वैध असतं. ते सिद्ध करणं मात्र अशा वेळी जड जातं.

म्हणून त्या सकाळी खोलीत आणखी कोण होतं ते शोधा. कागद आणणारा टायपिस्ट, तपासायला आलेले डॉक्टर, शेजारी, कोणीही. पहिल्या साक्षीदाराची सही ओळखणारा माणूस आणि त्याच्या जुन्या निर्विवाद सह्या (बँक, सोसायटी, जुने दस्त) हाताशी ठेवा. हयात साक्षीदाराला टाळून थेट मयताचं हस्ताक्षर सिद्ध करायला जाऊ नका. तो रस्ता साक्षीदार मिळतच नसेल तेव्हाचा आहे.

आणि ७९ वय म्हणजे थांबायला वेळ नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १८ नियम १६ खाली साक्ष लगेच नोंदवण्याचा अर्ज करता येतो. हिंडता-फिरता येत नसेल तर आदेश २६ खाली घरी कमिशन, म्हणजे कोर्टाने नेमलेला माणूस घरी येऊन साक्ष नोंदवतो.

बांधावरचा

नोंदणीच्या वेळी हे दोघेही कार्यालयात होते. मागच्या पानावर त्यांचे फोटो, अंगठे, सह्या आहेत. त्याचा उपयोग होईल का? शिवाय दुसरा साक्षीदार माझा मेहुणा आहे, आणि शेत मला दिलेलं आहे.

दस्तलेखक

त्या पानावरचं वाक्य नीट वाचा. “खालील इसम असे निवेदीत करतात की ते दस्तऐवज करून देणाऱ्यांना व्यक्तीशः ओळखतात व त्यांची ओळख पटवितात.” ती सही ओळख पटवण्याची आहे, साक्षांकनाची नव्हे. सही कोणत्या हेतूने केली ते पाहिलं जातं. अब्दुल जब्बार साहिब विरुद्ध वेंकट शास्त्री (१९६९) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निबंधक आणि ओळख पटवणारे यांना तेवढ्यावरून साक्षांकन करणारे मानलं नाही. दस्त मृत्युपत्राचा नव्हता, पण कसोटी हीच लागते. तरी ते पान फुकट नाही. दुसऱ्या दिवशी वडील स्वतः कार्यालयात गेले आणि दस्त केल्याची कबुली दिली, हे त्यावरून दिसतं. प्रमाणित प्रत काढून ठेवा.

दिवाणीबाक

मेहुण्याबद्दल. साक्षांकन करणाऱ्याला किंवा त्याच्या पती-पत्नीला मृत्युपत्राने काही दिलं तर ते देणं रद्द होतं, असं उत्तराधिकार अधिनियमाचं कलम ६७ म्हणतं (वर आलेलं साक्ष्य अधिनियमाचं ६७ वेगळं). मृत्युपत्र उरतं, देणं जातं. हे कलम ख्रिस्ती, पारशी वगैरेंना लागू आहे. हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांना जी कलमं लावली आहेत त्या परिशिष्टात ते नाही. तसंही मेहुण्याला काही दिलेलं नाही. मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या १९५८ च्या वेंकटाचल अय्यंगार निकालापासून संशयास्पद परिस्थिती दूर करायची जबाबदारी मृत्युपत्र पुढे आणणाऱ्यावर आहे. मजकूर कोणी सांगितला, टायपिस्टला कोणी बोलावलं, हे प्रश्न तुम्हाला येणारच.

गोव्यातल्या वाचकांनी हे जसंच्या तसं घेऊ नये. तिथे स्वतंत्र उत्तराधिकार कायदा आहे आणि मृत्युपत्र विशेष नोटरीसमोर होतं.

दस्तलेखक

नवीन मृत्युपत्र करणाऱ्यांसाठी: करणाऱ्यापेक्षा १५-२० वर्षांनी लहान, लाभ न मिळणारे, पत्ता न बदलणारे दोन साक्षीदार घ्या. आधी करणाऱ्याची सही, मग त्यांच्या, सगळं एका बैठकीत. स्टॅम्पपेपर लागत नाही आणि नोटरीच्या शिक्क्याने दुसऱ्या साक्षीदाराची जागा भरत नाही. सह्यांच्या वर हे लिहा: “श्री. ... यांनी या मृत्युपत्रावर आम्हा दोघांच्या समक्ष सही केली व आम्ही दोघांनी त्यांच्या समक्ष आणि एकमेकांच्या समक्ष साक्षीदार म्हणून सह्या केल्या.” ‘एकमेकांच्या समक्ष’ कायद्याला लागत नाही, पण एक साक्षीदार गेल्यावर दुसऱ्याला दोघांचं बोलता येतं ते त्यामुळेच. खाली तारीख, वेळ, ठिकाण साक्षीदारांनी स्वहस्ते घालावं.