मदत हवी आहे: वॅगन आरच्या लोअर आर्मचा बोल्ट जाम झालाय

नमस्कार मंडळी. गाडी २००६ची वॅगन आर, मी राहतो औशाजवळ. खड्ड्यात आणि स्पीडब्रेकरवर डावीकडून पुढून खट्‌खट्‌ आवाज येतो. चाक उचलून टॉमीनं (पहारीनं) लोअर आर्म, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा लोखंडी हात, हलवून पाहिला. सांगाड्याकडच्या बुशचं रबर फाटलंय, चाकाकडचा बॉल जॉइंटही (गोळीचा सांधा) ढिला आहे. स्ट्रट (शॉक ॲब्सॉर्बर) कोरडा आहे, तेल गळत नाही, लिंक आणि टाय रॉड घट्ट आहेत, म्हणून ते सोडून द्या. बुश आणि बॉल जॉइंटसकट अख्खा नवा आर्म आणलाय.

अडलंय ते नकलवरच्या (चाक ज्यावर बसतं तो भाग) पिंच बोल्टपाशी, म्हणजे बॉल जॉइंटचा दांडा आवळून धरणाऱ्या बोल्टपाशी. बॉल जॉइंटच्या दांड्याला खाच असल्यानं बोल्ट पूर्ण बाहेर आल्याशिवाय दांडा सुटतच नाही. बोल्ट थोडा फिरतो आणि पुन्हा आवळतो, कडेनं तांबडी गंजाची भुकटी गळते. रात्रभर गंजाचा स्प्रे मारून ठेवला, वायर ब्रशनं घासला, पुढे-मागे फिरवला, हातोडीनं ठोकला. आता डोक्याचे कोपरे गोल व्हायला लागलेत, म्हणून थांबलोय.

गाडी पक्क्या फरशीवर, स्टँडवर आहे. ड्रिल आणि ग्राइंडर आहे, हवेची गन नाही. गॅस वेल्डिंगवाला घरी येईल, पण ॲक्सलचं रबर बूट अगदी चिकटून आहे, ते जळायला नको. गाडी वर्कशॉपपर्यंत चालवायची नाही, जॉइंट रस्त्यात निसटला तर चाकच आडवं होईल.

बुशचा बोल्ट चाकं जमिनीवर टेकवूनच शेवटचा आवळायचा, हे माहीत आहे.

ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा: बूट ओल्या कापडानं झाकून नकल तापवावा, की डोकं कापून बोल्ट ड्रिलनं काढावा? ड्रिल केलं तर नकलचं भोक खराब न होता बोल्ट कसा निघेल?