डायल ओरिजिनल आहे का, हे कसं ओळखायचं
चोर बाजारातल्या जुन्या फाव्र ल्युबाची (स्विस कंपनीच्या घड्याळाची) डायल कोरी करकरीत आहे, म्हणजे घड्याळ जपून वापरलेलं असणार, असं एकाने म्हटलंय. मला उलट शंका येते. मुंबईच्या दमट हवेत पन्नास-साठ वर्षं काढलेल्या डायलवर थोडे डाग, कडेला पिवळटपणा सहसा दिसतोच. केस (घड्याळाचं बाहेरचं कवच) झिजलेली आणि डायल चकचकीत, तर ती बहुतेक पुन्हा रंगवलेली.

१० पटीचं भिंग घ्या. आधी मिनिटांच्या रेघा बघा: प्रत्येक पाचवी रेघ तासाच्या खुणेच्या बरोबर मध्यावर यायला हवी. रिडायलमध्ये (पुन्हा रंगवलेल्या डायलमध्ये) बऱ्याचदा इथेच चूक सापडते, कारण छपाई नव्याने आणि अंदाजाने जुळवलेली असते. मग अक्षरं. मूळ छपाईच्या कडा धारदार असतात; नवी शाई पसरते, जाडी कमी-जास्त होते. ६ च्या खाली ‘स्विस’ किंवा ‘स्विस मेड’ गायब असेल तरी सावध व्हा. चिकटवलेल्या खुणांच्या बुडाशी आणि तारखेच्या खिडकीच्या कडेला रंगाचा थर साचलाय का, तेही पाहा.

काट्यांवरचा ल्यूम (अंधारात चमकणारा लेप) पिवळा-तपकिरी आणि डायलवरचा हिरवट-पांढरा, तर दोन्ही बहुधा एका काळातले नाहीत. जुना ल्यूम मात्र खरवडू नका, त्यात रेडियम असू शकतं आणि त्याची धूळ श्वासातून आत जाणं धोक्याचं.

शेवटी घड्याळजीकडून डायल काढून घ्या. तिचे मागचे पाय (मशीनमध्ये बसणाऱ्या बारीक खुंट्या) तुटलेले आणि ती गोंदाने चिकटवलेली असेल, तर ती त्या मशीनची नसण्याचीच शक्यता जास्त.