नाडी ५४ आणि मळमळ: डिजॉक्सिन द्यायची का?

प्रश्न (होमकेअर सिस्टर, फोंडा):
आजी ७८ वर्षांच्या, हार्ट फेल्युअर आणि एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे ठोके अनियमित पडणं). सकाळी डिजॉक्सिन (हृदयाचे ठोके मंदावणारं औषध) ०.२५ मिग्रॅची अर्धी गोळी, मेटोप्रोलॉल २५ मिग्रॅ, फ्युरोसेमाइड (लघवीची गोळी) ४० मिग्रॅ. परवापासून जेवण नकोसं, मळमळ. आज मनगटावर नाडी ५४. घरचे म्हणतात पित्त झालंय, गोळी चुकवू नका.

उत्तर १:
ताई, गोळी देऊ नका. स्टेथो छातीवर डावीकडे, पाचव्या-सहाव्या बरगडीमध्ये लावून पूर्ण एक मिनिट ठोके मोजा. फिब्रिलेशनमध्ये काही ठोके इतके क्षीण असतात की मनगटापर्यंत पोचतच नाहीत. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलेला आकडा तर हमखास फसवतो. तिथेही ६० च्या खाली असतील तर डॉक्टरांना लगेच फोन. मेटोप्रोलॉलनेही नाडी उतरते, म्हणून आजच्या त्या गोळीचंही त्याच फोनवर विचारा, पण परस्पर बंद करू नका.
आणि पित्त म्हणून सोडू नका. भूक मरणं, मळमळ ही डिजॉक्सिन अंगात साठल्याची खूण असू शकते. ठोके ६५ आले तरी या तक्रारीसाठी फोन करायलाच हवा. दिसताना पिवळसर झाक येते का, गोंधळल्यासारख्या बोलतात का, तेही विचारा. चक्कर येऊन पडल्या किंवा शुद्ध हरपली तर थेट १०८.

प्रश्नकर्ती:
स्टेथोने ५६. डॉक्टरांनी दोन्ही थांबवून ईसीजी आणि रक्त आजच सांगितलंय. तोवर शहाळं देऊ का? लघवीच्या गोळीने पोटॅशियम कमी होतं ना?

उत्तर २:
रिपोर्ट येईपर्यंत नको. फ्युरोसेमाइडने पोटॅशियम उतरतं हे खरं, आणि ते उतरलं की नेहमीच्याच डोसमध्ये डिजॉक्सिन जास्त चढते. पण मूत्रपिंड थकलेलं असेल तर उलट पोटॅशियम वाढलेलंही असू शकतं, आणि शहाळ्यात ते भरपूर. रक्तात पोटॅशियम, मॅग्नेशियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि डिजॉक्सिन लेव्हल (रक्तातलं डिजॉक्सिनचं प्रमाण) पाहायला सांगा. लेव्हलचं रक्त शेवटच्या गोळीनंतर किमान सहा तासांनी घ्यायचं, म्हणून कालच्या गोळीची वेळ चिठ्ठीवर लिहा.
गेल्या आठवड्यात खोकल्यासाठी क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक दिलं होतं का? त्यानेही लेव्हल वाढते.

उत्तर ३:
स्ट्रिपमधल्या गोळ्या मोजा. अर्धीऐवजी अख्खी जात असेल तर इथेच कळेल. थांबवलेली गोळी उद्या दुप्पट देऊन भरून काढायची नाही, हे घरच्यांना वहीत लिहून द्या.