आकडीनंतर लिहिता येत नाही : घरी काय टिपून ठेवावं?

रानवारा : अपस्माराचं निदान आधीच झालेलं, उजव्या हाताने लिहिणारी प्रौढ व्यक्ती. आकडी ओसरल्यावर बोलणं नीट, हातात जोर आहे, पण लिहिताना अक्षरं गळतात, काना-वेलांट्या भलतीकडे पडतात. तासाभराने पूर्ववत. डॉक्टरांना नेमकं काय दाखवावं?

बोरू : लिखाणाचा नमुना, आणि तोही त्याच वेळचा. कागदावर तारीख-वेळ घाला. ऐकून पाच शब्द, मनाने एक वाक्य, मग छापील वाक्य बघून नक्कल. सहीवर विसंबू नका, ती सवयीने उमटते. लगोलग तेच शब्द मोबाइलवर टाइप करायला लावा. तिथेही त्याच चुका झाल्या तर गडबड शब्दाच्या जुळणीत आहे. टाइप जमतं आणि फक्त अक्षर मोडतं, तर हाताच्या हालचालीच्या आखणीत. दर पंधरा मिनिटांनी पुन्हा घ्या. बऱ्या दिवसाचा नमुना जोडला नाही तर तुलनाच होत नाही.

नीलपक्षी : सोबत साधी वजाबाकी, बोटांची नावं आणि डावं-उजवं विचारा. लिखाणासकट चारही एकदम चुकत असतील तर रोख मेंदूच्या डाव्या पार्श्विका (वरच्या-मागच्या) भागाकडे जातो. याला गेर्स्टमन सिंड्रोम म्हणतात. वीस-तीस मिनिटांचा साधा ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद) अनेकदा निर्दोष येतो, त्यावर समाधान मानू नका. व्हिडिओ-ईईजीबद्दल (सोबत चित्रण करत घेतलेला ईईजी) विचारा आणि नोंद चालू असताना लिहून घ्यायची विनंती करा. झटका आतल्या आत चालूच आहे की संपल्यानंतरचा थकवा आहे, हे त्यातून कळू शकतं. दोन्हींचे उपचार वेगळे.

रानवारा : औषधांमुळेही होतं का?

बोरू : होतं, पण ते तासाभरात जात नाही. व्हॅल्प्रोएट या अपस्माराच्या औषधाने हात थरथरू शकतो : शब्द बरोबर, रेघ वाकडी. टोपिरामेट या दुसऱ्या औषधाने शब्द आठवायला वेळ लागू शकतो. गोळी मनाने बंद करू नका, एकदम थांबवल्यास झटके लागोपाठ येऊ शकतात.

नीलपक्षी : एक तातडीचं. आकडी न येता लिखाण अचानक गेलं, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं किंवा एका बाजूचा जोर गेला, तर नमुने घेत बसू नका. पक्षाघात समजून लगेच रुग्णालय गाठा. झटका पाच मिनिटांहून लांबला तरी तसंच. आणि लहान मूल हळूहळू लिहिणं-बोलणं विसरत असेल तर झोपेतला ईईजी मागा. काही मुलांत बिघाड झोपेतच दिसतो.